ज्वालामुखीचे तोंड कोठे आहे?

मौजे ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, येथील रहिवाशास समुद्र पाहण्याची इच्छा झाली तर त्याने सुरतेची वाट धरावी आणि ज्वालामुखी पाहण्याची इच्छा झाली तर ती मनातच ठेवावी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस तापी, मध्ये कापूस, ऊस, केळी आणि पपई यांनी भरलेले काळे शिवार. सरकारी दफ्तरांत पिढ्यान्‌पिढ्या जिरायत-बागायत म्हणून नोंदल्या गेलेल्या या कसदार जमिनीचा अग्नीशी काही संबंध असेल, अशी शंकासुद्धा येथे सहसा कोणास येत नाही. परंतु शाळेत मुलांना शिकवितात की महाराष्ट्राचा काळा पाषाण ज्वालामुखीतून निघालेल्या रसाचा झालेला आहे, आणि मुले घरी येऊन वडीलधाऱ्यांना एक अगदी रास्त प्रश्न विचारतात: मग त्या ज्वालामुखीचे तोंड कोठे आहे?

उत्तरे बहुधा तीन मिळतात. कोणी तोरणमाळच्या तलावाकडे बोट दाखवितो. कोणी दरा गावाजवळच्या उनपदेवाच्या ऊन झऱ्याचा दाखला देतो. आणि ज्याचा प्रवास अधिक झालेला असतो तो लोणारचे नाव घेतो. तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत हे या प्रकरणात पाहावयाचे असून, त्यासाठी दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंतचे एक वर्ष, निरनिराळ्या ऋतूंत, निरनिराळ्या ठिकाणी राहुटी ठोकून काढावयाचे आहे. राहुटीचा आग्रह हौसेखातर नाही. खडकातील थर सकाळच्या आणि सायंकाळच्या तिरप्या उन्हात जेवढे स्वच्छ उमटतात तेवढे भर दुपारी उमटत नाहीत, आणि समुद्राच्या दोन्ही भरत्या व दोन्ही ओहोट्या पाहण्यास संबंध दिवस-रात्र लागते. सबब मोटारीतून उतरून तासाभरात परतणाऱ्यास यांतले अर्धेच दिसते.

१. मुखावाचून ज्वालामुखी

ज्वालामुखी म्हटला की शंकूच्या आकाराचा डोंगर, माथ्यावर खळगा आणि त्यातून निघणारा धूर, असे चित्र आपल्या मनात उभे राहते. हे चित्र जपानच्या फुजीयामास आणि इटलीच्या व्हेसुव्हियसला लागू पडते. आपल्या मुलखास पडत नाही. कारण भूगर्भातून वर येणारा शिलारस, म्हणजेच लाव्हा, सर्वत्र सारखा नसतो. ज्यात सिलिका, म्हणजे वाळूचे मुख्य घटकद्रव्य, अधिक असते तो रस घट्ट असतो आणि ज्यात ती कमी असते तो पातळ असतो. भाकरीचे पीठ तव्यावर टाकले तर जेथे टाकावे तेथेच बसते, ते हाताने थापावे लागते. धिरड्याचे पीठ मात्र ओतताच आपल्या आपण कडेपर्यंत पसरते. घट्ट रसाचा डोंगर होतो. पातळ रसाचे पठार होते. दख्खनचा रस धिरड्याच्या पिठाच्या जातीचा होता, आणि त्यापासून झालेल्या खडकास बेसाल्ट म्हणतात.

दुसरी गोष्ट अशी की हा रस एका भोकातून वर आला नाही. भूपृष्ठ ताणले जाऊन त्यास लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांतून, पुन्हा पुन्हा, मधूनमधून दीर्घ विश्रांती घेत, तो बाहेर पडत राहिला. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीची ही हकीकत आहे. आज या खडकाने व्यापलेले क्षेत्र सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर भरते, आणि पश्चिम घाटाच्या बाजूस त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरांच्या आसपास जाते.

भेगेतून होणारा असा उद्रेक माणसाने प्रत्यक्ष पाहिलेला आहे. १७८३ साली, पुण्यास नाना फडणिसांचा कारभार चालू असता, आइसलंड बेटात लाकी नावाच्या ठिकाणी सुमारे २५ किलोमीटर लांबीची भेग पडून आठ महिने शिलारस वाहत होता. त्याबरोबर निघालेल्या विषारी वायूंनी कुरणे नासली, गुरे मेली आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात त्या बेटाच्या लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा नाहीसा झाला. लाकीस जो रस निघाला तो दख्खनच्या हिशेबात किरकोळ होय. आपल्याकडील उद्रेक त्याच काळात डायनोसॉर नष्ट होण्यास कितपत जबाबदार होता आणि मेक्सिकोजवळ आदळलेली प्रचंड उल्का कितपत, याविषयी पंडितांत अद्याप वाद आहे. त्यात आपण पडावयाचे कारण नाही.

२. खानदेशातील भित्ती

मग त्या भेगा कोठे आहेत? त्या बुजल्या. शेवटचा रस भेगेतच थिजला, आणि भेगेच्या जागी उभ्या खडकाची एक पाती तयार झाली. आजूबाजूचा खडक कालांतराने झिजला तेव्हा ही पाती, बहुधा अधिक कठीण असल्याने, जमिनीवर उघडी पडली. शास्त्रज्ञ तिला भित्ती म्हणतात. नंदुरबार आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या मुलखात अशा दोनशेहून अधिक मोठ्या भित्तींची नोंद झालेली आहे. त्यांची रुंदी तीन मीटरांपासून साठ मीटरांपर्यंत असून सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटरांची भरते. त्यांतील बहुतेक साधारणपणे पूर्व-पश्चिम धावतात, आणि तापी व नर्मदा या नद्यांची दिशाही तीच आहे. भूपृष्ठ त्या काळी दक्षिणोत्तर ताणले गेले असले पाहिजे, हा निष्कर्ष यातून निघतो.

ब्राह्मणपुरीच्या शिवारात भित्ती शोधू जाल तर श्रम व्यर्थ जातील, कारण तापीच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा जाड थर आहे. विहीर खणली तर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, मग वाळू आणि गोटे लागतात. त्यासाठी तापी ओलांडून नंदुरबार, साक्री, धुळे या बाजूस जावे. कार्तिक-मार्गशीर्षात, पिके निघू लागली की, एखाद्या उघड्या माळावर मुक्काम करावा आणि सूर्योदयास उठून सभोवती पाहावे. सपाट मुलखातून कोसाकोसावर नजर जाईपर्यंत सरळ गेलेला, दोन्ही बाजूंस उतरता, दगडगोट्यांनी झाकलेला एक अरुंद उंचवटा दिसेल. सरळपणा हीच त्याची खूण. ओढा वळणे घेतो, डोंगराची सोंड वळणे घेते; भित्ती सहसा घेत नाही. गावकऱ्यांना ती निराळ्या कारणाने ठाऊक असते: जमिनीखालून उताराने वाहणारे पाणी कित्येक ठिकाणी या पातीस अडते, आणि तिच्या वरच्या अंगाच्या विहिरींस पाणी टिकते तेव्हा खालच्या अंगाच्या कोरड्या पडतात. विहिरीची जागा ठरविताना भूगर्भाचा हा नकाशा उपयोगी पडतो हे मला या भित्तींच्या वयापेक्षाही अधिक महत्त्वाचे वाटते.

या मुलखात राहुटीचा रिवाज जुना आहे. इंग्रजी अमदानीत पावसाळा संपला की कलेक्टर आणि त्यांचे असिस्टंट फिरतीवर निघत. डेरे, कनाती, कारकून, दफ्तराच्या पेट्या अशा लवाजम्यासह गावोगाव मुक्काम पडत आणि जमाबंदीची तपासणी आंब्याच्या झाडाखाली होई. भूगर्भशास्त्राची पाहणीही अशाच फिरतीतून झाली. विल्यम ब्लॅनफर्ड या शास्त्रज्ञाने तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचा भूवैज्ञानिक अहवाल १८६९ साली प्रसिद्ध केला, तो याच मुलखातील पायपिटीचे फळ होय.

३. तोरणमाळचा मुक्काम

आता पहिल्या उत्तराकडे वळू. शहाद्याहून निघालेला रस्ता सातपुड्याचा घाट चढून तोरणमाळास, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर, पोहोचतो. पठारावर यशवंत तलाव, गोरखनाथाचे मंदिर, आणि थोड्या अंतरावर सीताखाई ही खोल दरी. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. ज्यांस खडक पाहावयाचा आहे त्यांनी यात्रा टाळावी, ज्यांस माणसे पाहावयाची आहेत त्यांनी ती चुकवू नये.

सीताखाईच्या काठी बसून समोरच्या कड्याकडे सकाळी नीट पाहिले असता तो आडव्या पट्ट्यांचा बनलेला दिसतो. एक पट्टा म्हणजे रसाचा एक पूर. प्रत्येक पुराचा खालचा भाग दाट आणि कठीण असतो. वरच्या भागात थिजताना अडकलेल्या वायूंचे बुडबुडे राहिल्याने तो सच्छिद्र व ठिसूळ असतो. कठीण भागाचा उभा कडा होतो, ठिसूळ भागाचा उतार होतो, आणि यांची आलटून पालटून रचना झाल्याने सह्याद्री काय किंवा सातपुडा काय, डोंगर टप्प्याटप्प्यांनी चढत गेलेला दिसतो. या मुलखातील घाटांत दोन पट्ट्यांच्या मध्ये कधीकधी तांबड्या मातीचा पातळ थर आढळतो. तो दिसल्यास थांबावे. एक पूर थिजल्यावर त्याचा पृष्ठभाग ऊन-पावसाने झिजून माती झाली आणि मग पुढचा पूर येऊन त्याने ती भाजून काढली, असा त्याचा अर्थ आहे. माती होण्यास काळ लागतो. दोन उद्रेकांमध्ये केवढी विश्रांती होती याचा पुरावा त्या वीतभर तांबड्या रेघेत मिळतो.

तलाव हे ज्वालामुखीचे मुख का नव्हे, तेही याच पट्ट्यांवरून ठरते. मुख असते तर रस त्याच्यापासून चहूकडे वाहता आणि थर त्याच्यापासून बाहेर उतरते झाले असते; येथे ते जवळजवळ आडवे आहेत आणि दरीच्या अलीकडे-पलीकडे त्याच पातळीवर जुळतात. तलाव म्हणजे पठाराच्या खोलगट भागात साठलेले पाणी, याहून अधिक काही नाही. उनपदेवाचे ऊन पाणीही ज्वालामुखीचे नव्हे. जमिनीत जितके खोल जावे तितकी उष्णता वाढते. पावसाचे पाणी खडकांतील खोल फटींतून खाली जाते, तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. तापीच्या खोऱ्याखाली अशा खोल भेगा आहेत, म्हणून येथे ऊन झरे आहेत. कोकणात वज्रेश्वरी आणि उन्हवरे येथील झऱ्यांचेही कारण तेच. राहिले लोणार. ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्कापाताने, तयार बेसाल्टावर आघात होऊन, झालेले आहे. शास्त्रज्ञही बराच काळ त्यास ज्वालामुखीचेच मानीत असत, तेव्हा सामान्य माणसास हसू नये.

तोरणमाळास केव्हा जावे? वैशाखात जाणारे पुष्कळ असतात, आणि त्याचे गणित सोपे आहे. उंची दर हजार मीटरांनी वाढली की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते; पायथ्याशी पारा ४२ अंशांवर असता माथ्यावर तो ३५-३६ अंशांपर्यंत उतरेल. तरीही माझे मत मार्गशीर्षाच्या बाजूने आहे. मात्र त्या दिवसांत तलावाच्या अगदी काठी राहुटी ठोकू नये. थंड हवा जड असते. निरभ्र रात्री ती उताराने वाहत येऊन खोलगट जागी साठते, आणि पन्नास-साठ पावले वर चढून ठोकलेल्या राहुटीत झोप निराळी लागते.

दिवाळीच्या सुमारास अस्तंभ्याच्या शिखरावर अश्वत्थाम्याची यात्रा असते. रात्री डोंगर चढणारे भाविक उंचावर, उघड्या खडकावर रात्र काढतात. तंबू, गादी आणि गॅसची शेगडी यांवाचून डोंगरावर राहता येत नाही असे मानणाऱ्या शहरी मंडळींनी ती यात्रा एकदा पाहावी.

४. एक पाषाण, दोन मृत्तिका

पौष उजाडला की कोकणाकडे निघावे. घाट उतरताच पायाखालची जमीन काळ्याची तांबडी होते, आणि नवख्या माणसास वाटते की खडक बदलला. खडक बहुतांशी तोच आहे, पाऊस बदलला. खानदेशात पाऊस बेताचा, म्हणून बेसाल्ट कुजून झालेल्या मातीत चुना व इतर क्षार टिकून राहतात आणि तिच्यातील चिकण कण पाणी शोषून फुगतात, उन्हात आकसतात. चैत्र-वैशाखात आपल्या शेतांस ज्या भेगा पडतात त्या याच कारणाने. कोकणात पाऊस तिप्पट-चौपट, शिवाय हवा उष्ण व दमट. तेथे खडकातील विरघळणारे बहुतेक सर्व द्रव्य धुऊन गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरले. लोह गंजून तांबडे झाले, त्याचा जांभा दगड बनला. रत्नागिरीच्या बाजूस समुद्राकाठचे मैलोगणती उघडे सडे, म्हणजे सपाट कातळमाळ, या जांभ्याचे आहेत, आणि बारसू, उक्षी, कशेळी येथील सड्यांवर प्राचीन माणसांनी कोरलेली प्राण्यांची चित्रे, म्हणजे कातळशिल्पे, आहेत. त्यांवरून चालू नये, त्यांच्याजवळ चूल पेटवू नये.

राहुटी ठोकणाऱ्यास हा फरक खुंट्यांवरून कळतो. काळ्या मातीत खुंटी सहज जाते आणि पाऊस पडला की तितक्याच सहज उपटून येते. सड्यावर ती जातच नाही, तेथे दोर मोठ्या दगडांस बांधावे लागतात.

५. तिथीवरून भरती

समुद्रकाठी मुक्काम करणाऱ्या खानदेशी माणसास सर्वांत मोठे अज्ञान असते ते भरती-ओहोटीचे, आणि ते दूर करण्यास पंचांग पुरते. चंद्राच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा माथ्यावर येत असल्याने भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. मुंबईच्या किनाऱ्यास अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती साधारणपणे बाराच्या सुमारास असते. तेव्हा शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या आकड्यास दोन घटकांनी, म्हणजे ४८ मिनिटांनी, गुणावे. समजा चतुर्थी आहे: ४ गुणिले ४८ म्हणजे १९२ मिनिटे, म्हणजेच ३ तास १२ मिनिटे. भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास. त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी व रात्री नऊ-साडेनऊला, ओहोटी. मुंबईच्या दक्षिणेस भरती थोडी आधी येते, आणि सरकारी भरतीपत्रक मिळाल्यास तेच प्रमाण मानावे; परंतु हिशेब तोंडी करता येणे हे केव्हाही बरे.

हा हिशेब हरिहरेश्वरी जिवाचा होतो. तेथील मंदिरामागून समुद्रकाठाच्या खडकावरून प्रदक्षिणेची वाट जाते, आणि ती ओहोटीसच चालण्याजोगी असते. लाटांनी कड्याचा पायथा कापून सपाट केलेली ही ओटी आहे. वरच्या कड्यावर खाऱ्या तुषारांतील मिठाचे स्फटिक खडकाच्या छिद्रांत वाढून दगड कण कण फोडतात आणि त्यावर लहान लहान कोनाड्यांची जाळी पडते. ही जाळी पाहण्यात माणूस रंगतो आणि पाण्याकडे पाठ राहते. चतुर्थीस आठ वाजता वाटेवर उतरावे, दहाच्या आत वर यावे.

दुसरी सूचना राहुटीच्या जागेविषयी. सर्व भरत्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एकाच ओळीत ओढत असल्याने पाणी फार चढते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते बेताचे चढते, तो भांग. अष्टमीला येऊन वाळूवरील शेवाळ-शिंपल्यांच्या ओल्या रेषेच्या वर राहुटी ठोकणारा निश्चिंत असतो, आणि पौर्णिमेच्या रात्री त्याचे सामान भिजते. रेषा पाहावी ती सर्वांत वरची, सुकलेली.

फाल्गुनाच्या सुमारास वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून निघून समुद्राकडे जातात. तेथे वाळूवर मुक्काम करूच नये, रात्री दिवाही लावू नये, कारण पिल्ले उजेडाच्या रोखाने भरकटतात. गावात घरोघरी पाहुण्यांची सोय होते, तीच स्वीकारावी.

६. पलीकडचा तुकडा

कोकणचा किनारा इतका सरळ का, आणि घाटात आडवे असलेले बेसाल्टचे थर पनवेलच्या बाजूस पश्चिमेकडे कलंडलेले का दिसतात, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ज्या ताणाने खानदेशात भेगा पडल्या त्याच उलथापालथीच्या काळात भारताच्या पश्चिम कडेचा एक तुकडा तुटून वेगळा झाला. तो आज हिंदी महासागरात सेशेल्स बेटांच्या रूपाने उभा आहे. तुटलेली कड खचली, तिच्यावर समुद्र आला, आणि शिलारसाचे थर आजही मुंबईच्या पश्चिमेस पाण्याखाली पुढे गेलेले आहेत.

खुद्द भारतही स्थिर राहिला नाही. ज्या उष्ण स्थानावरून, म्हणजे भूगर्भातील तप्त जागेवरून, जाताना त्याच्यावर हा रस ओतला गेला ते स्थान, बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते, आज मादागास्करच्या पूर्वेस असलेल्या रियुनियन बेटाखाली आहे, आणि तेथील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अद्याप वारंवार जागा होतो. शहादा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २१.५ अंशांवर आहे, रियुनियन दक्षिणेस सुमारे २१ अंशांवर. साडेबेचाळीस अंशांचे अंतर, दर अंशास १११ किलोमीटर धरून, सुमारे ४७०० किलोमीटर होते; त्यास ६ कोटी ६० लक्ष वर्षांनी भागले असता वर्षास सुमारे सात सेंटिमीटर पडतात. आरंभी ही गती अधिक होती, पुढे मंदावली. परंतु सरासरीवरून कल्पना येते. ज्वालामुखीचे तोंड विचारणाऱ्या मुलास द्यावयाचे खरे उत्तर हे की भेगा धुळे-नंदुरबारच्या माळावर बुजलेल्या आहेत, आणि त्यांच्याखालची भट्टी हजारो किलोमीटर दक्षिणेस राहिली.

उरला समुद्र. तापी मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर वाहते, प्रकाशास गोमाईला पोटात घेते आणि सुरतेजवळ खंबायतच्या आखातास मिळते. मुंबईस उधाणात पाणी चार-पाच मीटर चढ-उतार करते. हे आखात आत निमुळते होत गेल्याने त्याच्या आतल्या भागी तोच फरक दहा मीटरांच्या घरात जातो, आणि ओहोटीस मैलोगणती चिखल उघडा पडतो. तेथे राहुटीचे काम नाही.

७. पावसाळा आणि परवाने

ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत सातपुड्यात ओढ्याच्या पात्रात, ते कितीही कोरडे व वाळूचे असो, झोपू नये. पाऊस वरच्या डोंगरात पडतो आणि लोंढा चांदण्यात येतो. जून-जुलैत कोकणात मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्राशी सलगी करण्याचे आपणासही प्रयोजन नाही. भाद्रपदात साताऱ्याजवळच्या कासच्या जांभ्याच्या पठारावर फुले येतात. ती पाहून यावे. मुक्काम गावात करावा.

सातपुड्यात मुक्कामापूर्वी वनखात्याची परवानगी आणि किनाऱ्यावर ग्रामपंचायतीची संमती घ्यावी. जिवंत ज्वालामुखीच पाहण्याचा ज्यांचा हट्ट असेल त्यांच्यासाठी भारतात अंदमानातील बॅरन बेट एवढे एकच स्थान आहे. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून तो १९९१ साली पुन्हा जागा झाला. परंतु त्या बेटावर मनुष्यवस्ती नाही, आणि तेथे राहुटी ठोकता येत नाही. ब्राह्मणपुरीच्या वाचकाने आरंभ तोरणमाळापासून करावा: महिना मार्गशीर्ष, जागा तलावापासून थोडी उंचावर, आणि पांघरुणे प्रत्येकी दोन.